त्या पोराचं पुढं काय होईल

हात बसला तेव्हाच हनुमानला कळलं की आपण उठलोय. बाकावरून कधी उठला, बाकांमधली चिंचोळी वाट कधी ओलांडली, सत्यशीलाबाईंची पिशवी पायात आली ती कधी लाथाडली, यातलं काहीच त्याला आठवेना. तळहात तेवढा भाजल्यासारखा झाला होता. समोर अशफाक सर फळ्याला टेकले होते. एक हात कानावर. चष्मा कुठंतरी खाली पडलेला, आणि चष्म्यावाचून एकदम पोरसवदा दिसणारे त्यांचे डोळे; त्यांत राग नव्हता, भीतीही नव्हती, काही समजत नसल्यासारखे ते त्याच्याकडे बघत होते. दुसऱ्या हातातला खडू तसाच होता.  रविवारची सकाळ होती आणि खिडकीतून थर्मल वीजकेंद्राच्या राखेचा नेहमीचा करडा उजेड बाकांवर सांडला होता. बारावी न झालेल्यांना बी. ए.ला बसता यावं म्हणून मुक्त विद्यापीठानं चालवलेला हा पूर्वतयारीचा वर्ग. शाळेनं वाटेत कुठं कुठं टाकून दिलेली माणसं इथं पुन्हा गोळा झाली होती. अंगणवाडीत मदतनीस असलेल्या सत्यशीलाबाई, दोन होमगार्ड, दहावीतच लग्न झालेली सहर, थर्मलमधले काही कंत्राटी कामगार, आणि राखेचा हायवा टिप्पर चालवणारा हनुमान, चाळिशीला टेकलेला. "अवं, ह्ये काय केलंत?" सत्यशीलाबाई म्हणाल्या. सरांनी कानावरचा हात काढला, त्याकडे बघितलं आणि विचारलं, "हनुमानराव, काय झालं?" मार खाऊन समोरच्याला 'राव' म्हणणारा माणूस हनुमाननं जन्मात बघितला नव्हता. त्या 'राव'नं त्याच्या हातात पुन्हा मुंग्या आल्या. अजून एक द्यावी, हा खाली पडावा, ह्यानं एकदाचं गप्प व्हावं. मागच्या बाकावरच्या एका होमगार्डनं मोबाइल वर धरला होता. हनुमान वळला आणि बाहेर पडला.

मारणं त्याला नवं नव्हतं. वजनकाट्यावर रांगेत घुसणाऱ्याला, वीटभट्टीवर माल नाकारणाऱ्या मुकादमाला, मागं पुढं न बघता तो हाणायचा. गाड्यांचे मालक सुंदरराव, त्यांनी त्याला ठेवलं होतं ते नुसतं चालवण्यासाठी नव्हे. त्यांच्या गाड्यांच्या पुढं हनुमानची गाडी असली की वाटेत कुणी आडवं येत नसे. मारल्यावर अंगात एक हलकेपणा यायचा, ओझं खाली उतरवल्यासारखा. चंद्रभागेला, म्हणजे बायकोला मारल्यावरही तो यायचा, आणि त्याची त्याला लाज वाटायची, पण लाज नंतर, हलकेपणा आधी. शेवटच्या वेळी तिचा दात पडला. तो तिनं पदरात बांधला, आणि मांजरसुंब्याला भावाच्या ढाब्यावर निघून गेली ती परत आलीच नाही. तेव्हापासून मांजरसुंब्यावरून गाडी न्यायची वेळ आली की हनुमान काच वर करून घ्यायचा. आज कॉलेजच्या फाटकाबाहेर लिंबाखाली लावलेल्या हायवाच्या केबिनमध्ये तो चढून बसला आणि त्या हलकेपणाची वाट बघू लागला. तो आला नाही.  त्यानं हात मांडीखाली दाबला.  

ह्याच केबिनमध्ये बसून त्यानं पहिल्यांदा सरांना ऐकलं होतं. गेल्या पावसाळ्याआधी, धर्मापुरीत. धर्मापुरी त्याचंच गाव. देवळाजवळ टायर बसलं, आणि जॅक लावून तो घाम पुसत होता तेव्हा कॉलेजची पोरंपोरी घेऊन हा किरकोळ अंगाचा मास्तर देवळाच्या भिंतीवरचं एकेक दगडी चित्र दाखवत होता. ही बाई आरसा बघतेय. ही पायातला काटा काढतेय. हनुमान त्या दगडांवर वाढला होता. घरात बापाचा आवाज चढला की तो तिथं येऊन पाठ टेकायचा. उन्हानं तापलेला दगड पाठीला लागला की बरं वाटायचं. पण त्याच्या पाठीमागं कोण उभं होतं ते त्यानं कधी वळून बघितलं नव्हतं. टायर बदलून झालं तरी तो गेला नाही. शेवटी त्यानं विचारलं, "सर, काटा काढणारी बाई कावून काढली आसंल देवळावर? देव काढायचे सोडून?" पोरं हसली. मास्तर हसला नाही. तो म्हणाला, "हा प्रश्न या पोरांनी विचारायला पाहिजे होता." आणि मग पोरांना बसकडं पिटाळून हनुमानशी बोलत राहिला. शाळा किती झाली, पुढं का नाही, असा असा वर्ग असतो, वयाची अट नाही. ते बोलणं हनुमाननं कित्येक दिवस राखेच्या खेपांमध्ये मनात घोळवलं. मग एका रविवारी तो धुतलेला शर्ट घालून वर्गात येऊन बसला. पुस्तक वाचताना त्याचे ओठ हलायचे. सर कधी त्यावर बोलले नाहीत.

आणि मग ती चहाची गोष्ट. त्याचा राग स्वतःवर होता तो तिथंच. मागच्याच आठवड्यात वर्ग सुटल्यावर परळी स्टेशनसमोरच्या हॉटेलात सर आणि तो बसले होते. सरांनी सहज विचारलं, "चौथीतच कावून सोडली शाळा? हुशार आहात की." सर त्याच्याशी बोलताना मधूनच त्याचे शब्द घेत. त्या 'कावून'नं त्याचं तोंड उघडलं असावं. जे त्यानं चंद्रभागेला सांगितलं नव्हतं, दारू पिऊनही कधी बरळला नव्हता, ते त्यानं बशीत चहा ओतता ओतता सांगून टाकलं. बाप आईला मारायचा. दार लावून, बैलाच्या चाबकानं. आणि त्याला दारापाशी उभं करायचा. "शाळंत जातूस न्हवं? काय शिकिवत्यात? मोज." बापाला मोजता येत नव्हतं, वीस हा एकच आकडा ओळखीचा, म्हणून पोरगं वीस म्हणालं की थांबायचा. पोरगं मोजायचं. आवाज बारीक झाला की बाप म्हणायचा, मोठ्यानं. मग पोरगं आकडे गाळायला शिकलं. आठाच्या पुढं अकरा, तेराच्या पुढं सतरा. बाप निरक्षर, पण वेडा नव्हता. एकदा चावडीवर कुणाकडून तरी त्यानं आकडे नीट म्हणवून घेतले आणि घरी येऊन पहिल्यापासून मोजायला लावलं, गाळलेल्यांसकट. त्यानंतर वर्गात गुरुजींनी पाढे म्हणायला उभं केलं की हनुमानला उलटी व्हायची. दोनदा झाली, तिसऱ्यांदा गुरुजींनी बाहेर काढलं, आणि तो परत गेलाच नाही. एवढं सांगून त्यानं थंड झालेला चहा पिऊन टाकला.  सरांनी फक्त त्याच्या मनगटावर हात ठेवला, क्षणभर, आणि काढून घेतला. त्या दिवशी गाडी चालवताना हनुमान गाणं गुणगुणत होता. 

आज धडा होता कुटुंबाचा. कुटुंब म्हणजे काय, कुटुंबात माणूस काय काय शिकतो. सर फळ्यावर लिहीत होते, बोलत होते, आणि बोलता बोलता म्हणाले, "समजा, एक बाप आहे. तो बायकोला मारताना आपल्या शाळकरी मुलाला मोजायला लावतो." हनुमानला आधी कळलंच नाही. ते दुसऱ्याच कुणाचं तरी असल्यासारखं कानावर पडलं, मग पोटात उतरलं. सरांनी त्याच्याकडं बघितलंही नाही. न बघण्याची काळजी घेत होते ते. नाव नाही, गाव नाही. "आता मला सांगा, त्या पोराचं पुढं काय होईल?" वर्ग विचारात पडला. सत्यशीलाबाईंनी जीभ टाळ्याला लावून चुकचुक केलं. आणि मागून होमगार्ड म्हणाला, "काय हुनार सर, त्येबी तसंच निघनार. बायकूला हाननार." कुणीतरी हसलं. सरांनी मान हलवली. "शक्यता मोठी असते," ते म्हणाले, आणि लिहायला फळ्याकडं वळले. ती मान हलली ना, तेवढंच पुरलं. केबिनमध्ये बसून हनुमानला आता दिसत होतं की वर्गातल्या एकालाही कळलं नसतं. ती गोष्ट वाऱ्यावर उडून गेली असती. उठून हात उगारला तो त्यानंच. आणि तरीही कुणाला कळलं नव्हतं, आणि कुणाला कळलं नाही याचंच त्याला आता जास्त भ्या वाटत होतं, कारण बिनकारणाची चापट आता गावात मोकळी सुटली होती.

गावानं तिला कारण दिलं. दुसऱ्या दिवशी राखेच्या तळ्यापाशी गाड्यांच्या रांगेत शहादेव, त्याच्याबरोबर गाडी चालवणारा, लांबूनच ओरडत आला. "लई भारी हानलीस बे! धर्माचं काम केलंस." त्याच्या मोबाइलवर होमगार्डनं काढलेली चित्रफीत होती. तिच्यात चापट नव्हतीच. फळ्याला टेकलेले सर, आणि पाठमोरा, रुंद खांद्यांचा हनुमान बाहेर जाताना. खाली कुणीतरी लिहिलं होतं की देवादिकांबद्दल वाईट बोलणाऱ्या मास्तरला विद्यार्थ्यानं धडा शिकवला. "देवाचं काई न्हवतं," हनुमान म्हणाला. "मंग काय हुतं?" हनुमान टायरला लाथ मारून हवा बघू लागला. शहादेवनं डोळा मारला. त्या आठवड्यात हाच प्रश्न त्याला किती जणांनी विचारला, आणि दर वेळी तो गप्प राहिला, आणि दर वेळी ते गप्प राहणं त्यांनी हो म्हणून धरलं. संध्याकाळी सुंदररावांनी बंगल्यावर बोलावलं. त्याला नेहमी बाहेर पायरीवर बसावं लागे. आज आत सोफ्यावर बसवलं. नगरपालिकेची निवडणूक तोंडावर होती आणि सुंदररावांना त्या चापटीत काहीतरी चालून आलेलं दिसत होतं. "तू काई बोलू नगंस," ते म्हणाले. "बोलायला आमी हाव. ते मास्तर तासाच्या पैशावर शिकवायला येतं, काढून टाकाया किती येळ लागतोय? तू नुस्ता संगं ऱ्हा." हनुमाननं मान हलवली. मान हलवताना त्याला सरांची मान आठवली.

बुधवारच्या बाजारात ते घडलं. सर ज्या घरातले ते घर फळवाल्यांचं. मोंढ्याच्या तोंडाशी त्यांचे वडील दिलावरचाचा पपईचा हातगाडा लावत आणि आई अजमतबी शेजारी गोणपाटावर लिंबं घेऊन बसे. सुंदररावांची पोरं आठ-दहा होती, आणि हनुमानला त्यांनी पुढं घातलं होतं, मिरवणुकीतल्या नवरदेवासारखं. त्याला वाटलं होतं घोषणा देतील, परत फिरतील. पहिल्यांदा कुणीतरी गाडा उलटवला. पपया रस्त्यावर फुटल्या, काळ्या बियांचा सडा पडला, त्यांत पोरं घसरू लागली, आणि घसरल्यामुळं जास्त चिडली. दिलावरचाचा म्हणाला, "बाबांनो, पोराचं काय असंल ते पोराला विचारा, माझं दुकान..." पुढं त्याला बोलू दिलं नाही. वजनाचं लोखंडी मापच त्याच्या हातावर बसलं. हनुमाननं तो आवाज ओळखला. ओलं लाकूड मोडल्यासारखा. आणि त्याला स्वतःचीच शिसारी यावी असं काहीतरी त्याच्या आत झालं: ही पोरं कशी अडाण्यासारखी मारतायत, खांद्यातनं जोर लावायचा तर नुसती हातानं, असं त्याच्या मनात आलं. त्याचे खांदे आपोआप सैल झाले, मुठी वळल्या. रक्ताला वास असतो, तो त्याच्या नाकात बसला आणि तोंडाला पाणी सुटलं. मग अजमतबी नवऱ्याच्या अंगावर पडली. "नक्को, नक्को मारो बाबा, बुढ्ढे को नक्को!" एकानं तिच्या पाठीत लाथ घातली. तिनं दोन्ही हात डोक्यावर घेतले, कोपरं कानांवर दाबली, गुडघे पोटाशी. कुणी शिकवलं होतं तिला? छबुबाई, त्याची आई, अगदी अशीच व्हायची. डोकं वाचवायचं, पाठ द्यायची. दुसरी लाथ बसली आणि हनुमानच्या ओठांवर आकडा आला. त्यानं ऐकला तो. दोन. मग तीन. ओठ हलत होते, भर बाजारात, पुस्तक वाचताना हलायचे तसे. चारला तो मधे शिरला, लाथ मारणाऱ्या पोराचं बखोट धरलं आणि त्याला मागं फेकलं. पोरांना वाटलं, आता हा हाणणार. ती बाजूला झाली, त्याला जागा करून. तो वाकला. अजमतबीनं कोपरांमधून वर बघितलं आणि आणखी आवळून घेतलं स्वतःला. तिलाही तेच वाटलं होतं. तेवढ्यात पोलिसांची शिट्टी वाजली, पोरं पांगली, आणि शहादेवनं त्याला दंडाला धरून ओढत नेलं.

शुक्रवारी कॉलेजात अभ्यासकेंद्राचे प्रमुख आप्पाराव यांच्या खोलीत सगळे बसले. आप्पाराव भला माणूस, पण घाबरट. टेबलावरचं पुस्तक उगाच सरळ करत होते. फौजदार चहा पीत होता. सुंदररावांनी खुर्ची मागं रेलून घेतली होती, त्यांची माणसं भिंतीला उभी होती, खिडकीच्या गजांबाहेर गर्दी होती. अशफाक सर एका बाजूला स्टुलावर. कानात कापसाचा बोळा. पडदा फाटला आहे, असं हनुमाननं ऐकलं होतं. सत्यशीलाबाई आणि सहर न बोलावता आल्या होत्या. "सर देवाचं काईच बोललं न्हाईत," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "कुटुंबाचा धडा चालू हुता." सहर म्हणाली, "मी पहिल्या बाकावर होते, मीही तेच सांगते." "मंग ह्यानं मारलं कावून?" सुंदररावांनी विचारलं. "येडा हाय का त्यो?" दोघी एकमेकींकडं बघू लागल्या. उत्तर सरांकडं होतं. हनुमाननं सरांकडं बघितलं. तो माणूस एक वाक्य बोलला असता तर सुटला असता. बापाचं मनगट मोडलेलं, नोकरी जायची पाळी, आणि तो खाली फरशीकडं बघत गप्प बसला होता. हनुमानला त्याचा इतका संताप आला की पुन्हा मारावंसं वाटलं.

"बोल," फौजदार म्हणाला. "काय म्हणले हे तुमच्या देवाला?"

"काई न्हाई म्हणले."

"हनुमान," सुंदरराव शांतपणे म्हणाले, "नीट आठव."

"देवाचं न्हाई. माझ्या आईचं बोलले."

सुंदरराव टेबलावर हात आपटून उठले. "बघा! आईवरून शिवी दिली! ऐकलं का फौजदारसाहेब?" खिडकीतून आवाज चढले. कुणीतरी गज हलवले. आप्पारावांच्या हातून पुस्तक पडलं.

"शिवी न्हाई," हनुमान म्हणाला. कुणी ऐकलं नाही. तो मोठ्यानं ओरडला, "शिवी न्हाई दिली! आरं ऐका की!" आणि खोली गप्प झाल्यावर त्याला आपल्या आवाजात बापाचा आवाज ऐकू आला. मग त्यानं सांगितलं. उभ्यानंच, टेबलाच्या कडेला दोन्ही हातांनी धरून. चाबूक सांगितला. दार सांगितलं. मोजायचं सांगितलं. खोलीतल्या माणसांनी एकेक करून नजर खाली घातली, आणि त्याला जाणवलं की ते लाजतायत, त्याच्यासाठी, त्याच्या आईसाठी. आई आत्ता या टेबलावर उघडी पडली आहे आणि तिला इथं आणणारा तो आहे. पण थांबता येईना. "मी सरांना इस्वासानं सांगितलं हुतं. सरांनी नाव न घेता वर्गात इचारलं, त्या पोराचं पुढं काय हुईल. एक म्हणला, बायकूला हानंल. मी हानलीया. तिचा दात पाडलाय मी. खरं बोलला म्हनून मला सोसलं न्हाई. जो बोलला त्येला मारायचं सोडून सरांना मारलं. एवढंच हाय. देवाचा काय संबंध न्हाई ह्यात. त्या म्हाताऱ्याचा बी न्हवता."

फौजदारानं कप खाली ठेवला.  सुंदररावांनी उपरणं झटकलं, आणि त्याच्याजवळून जाताना ते हळू आवाजात म्हणाले, "गाडीची चावी दे." त्यानं दिली.

फाटकाबाहेर सुंदररावांच्या गाड्यांवरचे लोक थांबलेले होते. भर दुपारचं ऊन होतं. हनुमाननं त्यांना मोजलं नाही. पहिला धक्का मागून आला, तो पालथा पडला, आणि मग बूट, चपला, एकाच्या हातात ताडपत्री ताणायचा लोखंडी दांडा. एकेकाचा घाव ओळखीचा होता. कित्येकांना त्यानंच शिकवलं होतं, खांद्यातनं जोर कसा लावायचा ते. दांडा बरगडीवर बसला तेव्हा श्वास निघून गेला आणि परत येईना. त्याचा हात उठत होता. हाताला सवय होती. एकाचा पाय त्याच्या मुठीत आला, घोट्यापाशी. नुसता पिरगाळला असता तरी मोडला असता. त्यानं धरून ठेवला, त्या घोट्याची नाडी त्याच्या तळहाताला उडताना लागली, आणि मग सोडून दिला. का सोडला ते त्याला नंतरही सांगता आलं नसतं. शहादेव त्याच्यावर वाकून लाथा घालत होता आणि दातांमधून पुटपुटत होता, "डोस्कं झाक बे. डोस्कं झाक की, हनम्या." मग हनुमाननं दोन्ही हात डोक्यावर घेतले, कोपरं कानांवर दाबली आणि पाठ दिली. 

ते गेल्यावर त्याला उचललं ते सत्यशीलाबाईंनी आणि कॉलेजच्या शिपायानं. फाटकाच्या भिंतीला टेकवून बसवलं. सर आले आणि समोर उभे राहिले.  "मी ती गोष्ट वर्गात आणायला नको होती," ते म्हणाले. "नाव घेतलं नाही म्हणजे झालं, असं वाटलं मला. इतकी मोठी गोष्ट होती, मला शिकवायला हवीहवीशी वाटली. ती चूक माझी." ते थांबले. त्यांचा आवाज बदलला. "पण अब्बांचं मनगट मोडलंय. अम्मी रात्री दचकून उठते. तुम्ही आज बोललात, तरी मला तुमच्याकडं बघवत नाही, हनुमानराव. खरंच बघवत नाही." ते वळले. हनुमान म्हणाला, "सर, माफी करा." तो त्यांच्या कापूस घातलेल्या बाजूला होता. सरांना ऐकू गेलं नाही. ते चालत राहिले, आणि दुसऱ्यांदा म्हणायला त्याच्या छातीत हवा नव्हती.

सत्यशीलाबाईंनी रिक्षात घालून त्याला परळीतल्या घरी आणलं. त्या त्याच्याच गल्लीतल्या. छबुबाई उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती. सत्यशीलाबाई तिच्याशी खाली बसून बराच वेळ हळू आवाजात बोलल्या. तो आत भिंतीला टेकून बसला होता आणि त्याला सगळं ऐकू येत होतं. बाई सगळं सांगत होत्या, काही न गाळता. दवाखान्यात न्या म्हणाल्या, आणि गेल्या. छबुबाई सूप घेऊन आत आली, त्याच्यासमोर बसली आणि पुन्हा निवडू लागली. तिच्या पाठीवर काय आहे ते त्यानं मोठं झाल्यावर कधी बघितलं नव्हतं. ती आंघोळीला दार लावून घेई.

"आई, पानी दे," तो म्हणाला. तोंडात रक्त सुकलं होतं, जीभ टाळ्याला चिकटत होती.

ती उठली नाही. "समद्यांसमोर सांगितलंस?"

"हां."

"चाबकाचं?"

"हां."

"माझं हुतं ते," छबुबाई म्हणाली. "माझ्या पाठीवरलं. मी बहिनीला बी दाखिवलं न्हाई कधी. तू वाटून मोकळा झालास." तिनं एक खडा काढून बाजूला टाकला. तिच्या आवाजात रडं नव्हतं, त्यामुळं त्याला कुठं बघावं कळेना. "आनि मास्तर काय इचारत हुता, पोराचं पुढं काय हुईल? बाईचं पुढं काय झालं, ते न्हाई इचारलं कुनी?"

कुणीच नव्हतं विचारलं. त्यानंही नव्हतं विचारलं, इतक्या वर्षांत.

"तुला दळन घिऊन धाडलं हुतं," ती म्हणाली. "तुझा बाप मेला त्या दिशी. आठिवतंय का? लांबच्या गिरनीत धाडलं हुतं, जवळची चालू आसताना. काविळीनं पार पिवळा पडला हुता. उनाचा कडाका. मला म्हनाला, पानी. मी बसले. ह्या हितं तू बसलास ना, तेवढ्या अंतरावर बसले. घागर भरल्याली हुती, मीच सकाळी भरली हुती. आदी शिव्या दिल्या त्यानं. उठाया बघितलं, उठवंना. मंग म्हनाला, छबू. लगीन झाल्यापासनं नाव घेतलं न्हवतं कधी. छबू, पानी दे गं. मी हातात हात घालून बसले. माझं अंग कसं थंडगार हुतं, उनात. लई येळ लागला. माश्या बसाया लागल्या तरी बसले. तू दळन घिऊन आलास, तवा उठले आनि रडाया लागले."

बाहेरून कुणाची तरी गाडी गेली, कौलांवरची राख झडून दाराशी पडली. हनुमाननं आईकडं बघितलं. ही बाई त्याला माहीत नव्हती. हिच्या हातचं तो चाळीस वर्षं जेवत होता. 

छबुबाईनं सूप खाली ठेवलं, गुडघ्यावर हात देत उठली, माठातून तांब्या बुडवून भरला आणि त्याच्यापुढं धरला. तांब्याच्या कडेवरून पाणी ओघळत होतं. त्याला तो घ्यायला क्षणभर हात पुढं करता आला नाही. ती धरून उभी राहिली. मग त्यानं दोन्ही हातांनी तांब्या घेतला आणि फुटलेल्या ओठांना लावला, आणि तो संपेपर्यंत ती तिथून हलली नाही.